शेपटी धरणारी

उणे चौदा.
तळं आता रस्त्याइतकं भरवशाचं झालंय.
पेन्त्तीने ट्रॅक्टरने बर्फ सारून धावपट्टी काढून दिली,
मोबदल्यात मागितला राईचा एक पाव.

बॅटरी माझ्याकडे असते. कोटाच्या आत, स्वेटरच्याही आत,
लोकरी मोज्यात गुंडाळलेली, पोटाशी.
गारठली की ती कंजूष होते, ताउनो म्हणतो.
जरा जास्त मागितलं की मान टाकते,
साडेबारा व्होल्टवरून थेट साडेनऊवर,
आणि मोटर हवेतच खोकते.
म्हणून मी ऊब देते.
एक्केचाळीस वर्षांच्या संसारात
माझ्या पोटाची एवढी चौकशी त्याने
सैयाच्या वेळीही केली नव्हती.

काजानीच्या कागद गिरणीत तो वायरमन होता
आणि मी पगाराच्या खिडकीमागे.
तो प्रवाह मोजायचा, मी पैसे.
कुठे गळतं ते दोघांनाही वासावरून कळायचं.
आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय,
मीटरवरचे आकडे मुंग्यांसारखे पळतात म्हणतो.
तेव्हा वही माझ्याकडे आली.

मी गुडघे टेकून शेपटी धरते.
"घट्ट, इर्मेली."
आज त्याने मोठा प्रॉपेलर लावलाय, अकरा बाय सात,
हौस. दुसरं काही नाही.
तो कांडी पुढे सारतो,
बर्फाचा भुगा माझ्या दातांत,
विमान दावणीच्या वासरासारखं ओढ घेतं
आणि मी ओरडून आकडे सांगते:
तीस! सदतीस! त्रेचाळीस!
स्पीड कंट्रोलर चाळिसाचा.
तो झटकन कांडी मागे घेतो,
हातमोजा काढून त्या चपट्या डब्याला हात लावून बघतो,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
"नको. एवढी भूक आपल्याला परवडायची नाही."

पुन्हा जुनाच, दहा बाय पाच.
अठ्ठावीस.
"हे धरून ठेवल्याचे," तो म्हणतो. "सोडलंस की उतरतील.
जागच्या जागी हवा कापायला जोर फार लागतो.
एकदा पुढे निघालं, की समोरची हवाच पात्याला सांभाळून घेते."
"किती उतरतील?"
"मीटर इथे, विमान तिथे. कोण बघणार?"

वहीत मी रकाना आखला: हवेत.
रिकामा.
रिकामा रकाना मला आवडत नाही,
पगाराच्या खिडकीत कधी राहू दिला नाही.

सोडलं.
हातात ओढ अजून शिल्लक होती, विमान मात्र
स्प्रूसच्या शेंड्यांवर.
पोटाकडून मीच लाल रंगवलंय ते,
तरीही लांब गेलं की त्याला दिसत नाही.
तो आवाजावर उडवतो आणि माझ्यावर:
डावीकडे. अजून. आता ऊन मागे आहे.
उतर, उतर, उतर, हां.
चार मिनिटं, माझ्या घड्याळात.
शेवटी स्कीवर घसरत येऊन
त्याच्या बुटाला नाक लावून थांबलं.

संध्याकाळी चार्जर टेबलावर घोंघावत होता
तेव्हा सैयाचा फोन आला, ट्रॉम्सोहून.
कधी येतेस, हे आज मी विचारलं नाही.
पाऊण तास बोलली.
तिच्या बाल्कनीत कुठलासा पक्षी येतो,
त्याचं नाव तिला आठवेना, मलाही.

चार्जर थांबला. बॅटरीत परत गेले
तेराशे चाळीस.
मी पेन्सिल घेतली. चार मिनिटांत तेराशे चाळीस,
तर तासाला पंधरा पट,
वीस हजार शंभर. म्हणजे वीस अँपिअर, सरासरीने.
"मध्ये मी कांडी थोडी मागे घेतली होती,"
ताउनो खुर्चीतून म्हणाला, "सगळं श्रेय हवेला देऊ नकोस."
तेही लिहिलं, समासात, बारीक अक्षरात.

धरून अठ्ठावीस.
हवेत वीस.
लोकरीचा मोजा उद्यासाठी
शेगडीवर वाळत घातला.